गाठ कुठेच नाही

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपता संपता मोठीला बोटांवर विणायला शिकवलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती, धाकटा चौदा महिन्यांचा. बोटांवर विणायला सुई लागत नाही. लोकरीचं टोक डाव्या अंगठ्याखाली दाबायचं, धागा तर्जनीच्या पुढून, मधल्या बोटाच्या मागून, अनामिकेच्या पुढून आणि करंगळीच्या मागून न्यायचा. करंगळीला वळसा घालून त्याच वाटेनं परत यायचं, फक्त जाताना ज्या बोटाच्या पुढून गेलो त्याच्या आता मागून. असा आणखी एक फेरा झाला की प्रत्येक बोटावर दोन-दोन वळसे येतात. मग खालचा वळसा चिमटीत धरून बोटाच्या टोकावरून मागे टाकून द्यायचा. चारही बोटांचं झालं की पुन्हा एक फेरा. एवढंच करत राहायचं.

चहा उकळेपर्यंत तिची वीतभर साखळी झाली. आजीला दाखवायला तिनं ती बोटांवरून अलगद काढली आणि दिवाणावर ठेवली. तेवढ्यात धाकट्यानं गुंडा उचलला आणि तो घेऊन थेट स्वयंपाकघराकडे निघाला. साखळी दिवाणावरच्या दिवाणावर विरघळत गेली. शेवटी उरला एक कुरळा धागा.

"आई, माझी साखळी कुठे गेली?" रडायच्या आधी तिला आश्चर्यच वाटलं होतं. "यात गाठ नव्हती का?"

नव्हती. विणकामात गाठ कुठेच नसते, आणि लहान मुलांच्या घरात हे काम का जमतं याचं सगळं उत्तर त्यात आहे.

आपल्या भाषेनं इथे थोडा घोटाळा करून ठेवलाय. पैठणी विणतात, खाट विणतात, सुगरण घरटं विणते आणि स्वेटरही विणतात. क्रियापद एकच असल्यामुळे फरक लक्षात येत नाही. मागावरच्या कापडात उभे धागे वेगळे, आडवे वेगळे, आणि ते एकमेकांच्या खालून-वरून सरळ जातात. म्हणून धोतर ओढलं तर फारसं ताणत नाही. स्वेटरमध्ये उभा-आडवा असा भेद नाही. एकच धागा नागमोडी जातो, आणि प्रत्येक वळसा खालच्या ओळीतल्या वळशातून डोकं वर काढून उभा असतो. ओढलं की वळसे आडवे पसरतात, सोडलं की पुन्हा उभे होतात. कापसाच्या सुतात रबराचा अंश नसतानाही बनियन ताणला जातो तो याच कारणानं. विश्वास बसत नसेल तर मुलाच्या टी-शर्टवर भिंग धरून बघा, इंग्रजी व्ही अक्षराच्या बारीक बारीक उभ्या रांगा दिसतील. इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ साली मोजे विणायचं यंत्र केलं. तिरुपूरच्या कारखान्यांतली आजची यंत्रं कितीही वेगानं चालत असली तरी ती करतात ते मोठीच्या बोटांचंच काम.

सुईवर तेच काम कसं होतं ते सावकाश बघू. डाव्या सुईवर टाके घातलेले आहेत. उजवी सुई पहिल्या टाक्यात समोरून मागे घालायची, मागे धरलेला धागा तिच्या टोकावरून फिरवायचा, तो वळसा टाक्यातून अलगद पुढे ओढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. हा सुलट टाका. उलट टाक्याला धागा आपल्या बाजूला घ्यायचा, सुई मागून पुढे आणायची आणि वळसा मागे ढकलायचा. शिकणाऱ्याला वाटतं हे दोन वेगळे टाके आहेत. पण सुलट टाका कापड फिरवून मागून पाहिला की तो उलट दिसतो. पुढून व्ही, मागून मण्यासारखा उंचवटा. टाका एकच, त्याला पाठ आणि पोट आहे, इतकंच.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. सगळी पुढची बाजू सुलट ठेवली तर कापडाच्या कडा गुंडाळतात, कारण दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो. म्हणून खालच्या घेराला आणि मनगटाला एक सुलट एक उलट अशी पट्टी घालतात. सुलट टाक्यांच्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे सरतात, आणि कापड हातपंख्यासारखं मिटून बसतं. ताणलं की उघडतं. लहान मुलाच्या मनगटाला हीच पट्टी हवी, कारण त्याला इलॅस्टिकसारखी रग लागत नाही.

आम्ही नाशिकला राहतो. निफाडचं तापमान पेपरात छापून आलं की सासूबाई कपाटाच्या वरच्या कप्प्यातली लोकरीची पिशवी खाली काढतात. त्या विणायला शिकल्या त्या खराट्याच्या हिरांवर. खऱ्या सुया शाळेत हस्तकलेचं बक्षीस म्हणून मिळाल्या. त्यांच्या सासूबाईंनी १९६२च्या चीन युद्धाच्या हिवाळ्यात जवानांसाठी स्वेटर विणले होते. त्या वेळी देशभर घरोघरी बायका तेच करत होत्या. आजेसासूबाईंचा सुयांचा एक जोड अजून आमच्या पिशवीत आहे, आठ नंबरचा.

या नंबरांनी नव्या माणसाची हमखास फसगत होते. आपल्याकडे बाजारात चालतो तो जुना ब्रिटिश हिशोब, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, चौदा म्हणजे २. अमेरिकी हिशोब नेमका उलटा, तिथली आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. परदेशी नमुना बघून विणत असाल तर नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा.

लोकरीचंही तसंच. दुकानात आपण 'लोकर' म्हणून घेतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यात केलेला धागा. त्यात कमीपणा काही नाही. रोज सांडासांड करणाऱ्या मुलासाठी अ‍ॅक्रिलिक बरं, बादलीत सर्फच्या पाण्यात बुडवलं तरी आटत नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि तीन वर्षांच्या मुलाचा स्वेटर बाहुलीला होतो. पण खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेऊनही ओली लागत नाही, आणि सहज पेटत नाही. अ‍ॅक्रिलिक आगीजवळ वितळतं, म्हणून शेकोटीच्या आसपास मूल नेताना अंगात काय आहे ते बघावं. खरखरीतपणा मात्र नावावरून कळत नाही. तंतू साधारण तीस मायक्रॉनहून जाड झाला की कातडीला टोचतो. दख्खनी मेंढीची लोकर अशीच जाडीभरडी; तिची मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसापाण्यात उत्तम, पण तिचं टोपडं कुणी करत नाही. दुकानात गुंडा हातावर घासून बघण्यात अर्थ नाही, आपले हात भांडी घासून निबर झालेले असतात. मानेला लावून बघावा.

आता माप. धाकट्याच्या छातीचा घेर ४८ सेंटिमीटर होता. आत बनियन आणि सदरा असतो, मूल सतत हात वर करतं, म्हणून सहा सेंटिमीटर सैल धरून ५४. आता ५४ सेंटिमीटरला किती टाके? याचं उत्तर पुस्तकात नसतं, ते आपल्या हातात असतं. कुणी धागा आवळून धरतं, कुणी सैल. म्हणून आधी हातभर मोठं नको, पण पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग त्याच्या मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये टाके मोजायचे. मध्यम जाडीच्या लोकरीवर आणि आठ नंबरच्या सुईवर माझे २२ टाके येतात, उंचीत २८ ओळी. म्हणजे सेंटिमीटरला २.२ टाके, आणि ५४ ला जवळपास ११९. मी १२० धरले.

हा तुकडा विणायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो, मलाही येतो. पण गणित बघा. दहा सेंटिमीटरला २२ ऐवजी २० टाके आले तर तेच १२० टाके ६० सेंटिमीटर भरतात. २४ आले तर ५०. दहा सेंटिमीटरमध्ये दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर एकदा झग्यासारखा, एकदा सदऱ्यावर चढता चढत नाही असा. मोठीच्या पहिल्या स्वेटरला मी हा तुकडा विणला नव्हता. तो स्वेटर पुढे शेजारच्या मुलाला मिळाला, आणि ते मूल चार वर्षांनी मोठं होतं.

मोठीच्या आणखी एका स्वेटरनं मला डोक्याचं मापही शिकवलं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं आठव्या हिश्श्याच्या आसपास. वर्षाचं होईपर्यंत बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा मोठा किंवा तिच्याएवढा असतो. आपल्या अंगाला साजेल असा गळा लहान करून मुलाला विणला की तो मानेला बसतो, पण मानेपर्यंत पोचतच नाही. मोठीचं डोकं त्या गळ्यात अडकलं, ती आत किंचाळत होती आणि मी बाहेर. बाळांचे स्वेटर पूर्वापार पुढून उघडे आणि बटणांचे असतात ते काही केवळ दिसण्यासाठी नाही.

म्हणून धाकट्याचा पुढून उघडा करायचा ठरवला, आणि वरून खाली. सासूबाई खालून वर विणतात, पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाह्या वेगळ्या, शेवटी सगळं शिवायचं. त्यांचं शिवण इतकं सफाईदार की जोड सापडत नाही. माझे तुकडे तीन महिने पिशवीत पडून राहतात आणि तोवर मूल वाढतं. वरून खाली विणताना गळ्यापासून सुरुवात होते आणि सगळा स्वेटर एकसंध उतरतो.

गळ्याला ६४ टाके घातले, दोन सुया एकत्र धरून, म्हणजे कड सैल राहते. टाके घालायला टोक किती लांब सोडायचं? विणलेल्या कापडाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा एका ओळीला लागतो. ६४ टाके म्हणजे २९ सेंटिमीटर, त्याचे तिप्पट ८७, वर एक वीत. मग वाटणी: पुढचा एक भाग १०, बाही १२, पाठ २०, बाही १२, पुढचा दुसरा भाग १०. प्रत्येक दोन भागांच्या मध्ये दोऱ्याची रंगीत कडी अडकवायची. अशा चार कड्या. एकाआड एक ओळीत प्रत्येक कडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक टाका वाढवायचा, म्हणजे दर वेळी आठ टाके. खांद्यावरून काखेकडे तिरक्या चार रेघा उतरत जातात. या तिरक्या बाहीला रॅग्लन म्हणतात. वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनवरून ते नाव पडलं.

अठरा वेळा वाढवलं की ३६ ओळी होतात, जवळपास १३ सेंटिमीटर, आणि सुईवर २०८ टाके असतात. आता बाह्यांचे ४८-४८ टाके जाड दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवायचे. उरलेल्या ११२ टाक्यांना प्रत्येक काखेत चार नवे टाके जोडायचे. झाले १२०. छातीचा हिशोब बरोबर जागेवर येतो आणि त्या क्षणी जो आनंद होतो तो वहीत दोन्हीकडची बेरीज जुळल्यासारखाच असतो. तिथून १६ सेंटिमीटर सरळ खाली, शेवटी पट्टी. मग दोऱ्यावरच्या बाह्या एकेक करून सुईवर घ्यायच्या.

एकूण टाके मी मोजले, पंधरा हजारांच्या घरात जातात. मिनिटाला वीस टाके धरले तर बारा-साडेबारा तास. रोज वीस मिनिटं मिळाली तर पाच-सहा आठवडे. धागा लागतो साधारण २०० मीटर.

ही रोजची वीस मिनिटं सलग मात्र कधीच मिळत नाहीत. मोठीला बालवाडीच्या रिक्षाची वाट बघताना चार, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सात, धाकटा झोपल्यावर त्याच्या मुठीतलं आपलं बोट सुटलं तर उरलेली. शिवणयंत्रावर बसायचं तर आधी मांडामांड, नंतर आवराआवर. विणकाम मध्येच ठेवता येतं. ओळ पुरी करून ठेवावी हे खरं, पण दूध उतू जात असेल तर टाक्याच्या मध्येही ठेवता येतं. त्याचं कारण पुन्हा तेच: प्रत्येक टाका खालच्यातून उभा आहे आणि सुईवर फक्त सगळ्यात वरची ओळ मोकळी असते.

ती ओळ सुईवरून निसटली तर? मोठीच्या दुसऱ्या स्वेटरची पाठ विणत होते, ६६ टाके. दारावरची बेल वाजली म्हणून ठेवून उठले, आणि ती रांगत येऊन सुई उपसून घेऊन गेली. मी धावले, कापड उचललं आणि घाबरून दोन्ही हातांनी ताणलं. तीच चूक झाली. मोकळे टाके जागच्या जागी बसून असतात, आडवं ताणलं की घसरतात. एक टाका खाली पाच ओळी गेला आणि मागे शिडी राहिली.

"अगं, ओढू नकोस. ताटात ठेव," सासूबाई म्हणाल्या. खरंच स्टीलच्या ताटात ठेवलं. मग त्यांनी दहा नंबरची बारीक सुई घेतली आणि सगळे टाके एका टोकाकडून उचलले. बारीक सुई टाक्यात शिरताना त्याला ओढत नाही. टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय पुढे, एक मागे. उजवा पाय पुढे हवा. डावा पुढे आला असेल तर विणताना टाक्याला पीळ पडतो आणि तो उभ्या रांगेत वेगळा दिसतो. पण उचलताना त्याची फिकीर करू नये, पुढच्या ओळीत सरळ करता येतो. शिडीसाठी क्रोशाची सुई. खाली अडकलेल्या टाक्यात ती समोरून घालायची, शिडीची सगळ्यात खालची आडवी काडी आकड्यात धरायची, टाक्यातून ओढून घ्यायची. नवा टाका झाला. पुढची काडी. पाच काड्या, पाच टाके, आणि शिडी होती की नव्हती हे मलाही नंतर सांगता आलं नाही.

तेव्हापासून मी सर्क्युलर सुई वापरते, दोन टोकांमध्ये वायर असलेली. ठेवताना टाके वायरवर सरकवायचे, टोकांना खोडरबराचे तुकडे खुपसायचे. आणि दर दहा-बारा ओळींनी बोथट सुईत शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून पार करून ठेवायचा. पुढे काहीही झालं तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. धाकट्यानं हा दोरा दोनदा कामी आणला.

त्याच्या जिवाच्या गोष्टी मात्र गमतीवारी नेत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या स्वेटरला शोभेची लोंबती टिकली, मणी, लांब नाडी काही नको. बटण लावलं तर दर धुण्यानंतर ओढून बघायचं, सुटलं की ते तोंडात जाणार. तान्ह्या बाळाचे मोजे आणि हातमोजे घालण्याआधी उलटे करून आत सुटा धागा नाही ना हे पाहायचं. असा धागा किंवा केस बोटाभोवती गुंडाळला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते तासभर कळत नाही. जाळीदार नमुना तान्ह्यासाठी म्हणूनच नको, बोटं अडकतात. आणि टोपडं बाहेर जाताना घाला, घरात झोपवताना काढा. बाळाचं डोकं मोठं असल्यामुळे जास्तीची उष्णता तिथूनच बाहेर पडते, शिवाय झोपेत टोपडं नाकावर सरकतं. या मुद्द्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बालरोगतज्ज्ञांनी माझ्या बाजूनं निकाल दिला, तरी आजी नातवाला झोपवायला नेताना मला पाहून टोपडं पदराखाली लपवते.

टाके बंद करणं ही शेवटची पायरी. दोन टाके विणायचे, पहिला उचलून दुसऱ्यावरून खाली टाकायचा. मग तिसरा विणायचा, दुसरा त्याच्यावरून टाकायचा. मोठी बोटांवर करायची तेच. शेवटी एक टाका उरतो. धागा कापायचा आणि त्या टाक्यातून पार ओढून घ्यायचा. प्रत्येक कडेला एवढं एकच कुलूप असतं. मोठीची साखळी विरघळली कारण तिचा हा शेवटचा धागा ओढायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तिला तो दाखवला, तर तिनं साखळी पुरी करून गुंडा स्वतःच धाकट्याच्या हातात दिला आणि तो ओढत असताना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

या कुलपाची एक गंमत आहे. विणकाम शेवटाकडून सरसर उसवतं, सुरुवातीकडून उसवत नाही. तिथून ओढलं तर दर टाक्याला अडकतं. खालून वर विणलेल्या स्वेटरचा घेर ही सुरुवात असते आणि गळ्याजवळ शेवट. वरून खाली विणलेल्याचं उलटं, शेवट घेराला आणि मनगटाला, म्हणजे मूल जिथे वाढतं नेमकं तिथे. मूल रुंदीत हळू वाढतं आणि लांबीत भराभर. पहिल्या वर्षी साधारण २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी १२. एक ते तीन वर्षांत उंची वीसेक सेंटिमीटर वाढते, छाती फार तर पाच. म्हणजे छातीला सैल धरलेला स्वेटर दुसऱ्या हिवाळ्यात रुंदीला बसतोच, पोट तेवढं उघडं पडतं.

तान्ह्या बाळासाठी विणणाऱ्यांनी याच हिशोबात एक गोष्ट धरावी: आजचं वय मोजू नका, थंडी मोजा. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाला स्वेटर डिसेंबरात लागणार, तेव्हा ते सहा महिन्यांचं असेल. बारशाला भेट आलेले, नवजात मापाचे तीन सुंदर स्वेटर आमच्याकडे घडीही न मोडता राहिलेत.

या नोव्हेंबरात धाकट्याचा निळा स्वेटर बाहेर काढला. छातीला बरोबर, बाह्या कोपराच्या जरा खाली, घेर बेंबीवर. शिवून दडवलेलं टोक शोधायला अर्धा तास गेला. ते सुटल्यावर बंद केलेली कड आणि पट्टी उसवायला दोन मिनिटं लागली. १२० टाके बारीक सुईवर उचलले. उसवलेला धागा नूडल्ससारखा कुरळा झाला होता. मोठीनं समोर बसून दोन्ही हात उभे धरले, त्यांच्याभोवती गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातली आणि खाली कपड्यांचे दोन चिमटे वजनाला लावले. खरी लोकर अशी सरळ होते. अ‍ॅक्रिलिकचा कुरळेपणा थोडा राहतो, पट्टीत खपून जातो.

आता वाढवायला नवी लोकर हवी. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो आणि शेजारी लॉटचा. रंग तोच पण लॉट वेगळा असेल तर निळ्या-निळ्यात फरक पडतो, गुंडे शेजारी ठेवले तर दिसत नाही, विणल्यावर आडवी रेघ उठून दिसते. ती कागदी पट्टी मी जपून ठेवली होती. दुकानदार म्हणाले, "सेम टू सेम आहे, ताई, डोळे झाकून घ्या." घरी येऊन चार ओळी विणल्या आणि डोळे उघडे ठेवूनच उसवल्या.

मग मध्ये पिवळ्याच्या सहा ओळी घातल्या आणि त्याखाली नवा निळा. पिवळं मध्ये आलं की दोन निळ्यांमधला फरक डोळ्याला मोजता येत नाही. बाह्यांनाही तसंच केलं. पंचवीस ग्रॅमचा पिवळा गुंडा सगळ्याला पुरून उरला, आणि उरलेला मोठीनं मागून घेतला. तिला आता सुया हव्या आहेत. आठ नंबरचा तो जुना जोड आजीनं तिला दिलाय, टोकांना खोडरबर लावून.